सातबारा, सात डिसेंबर आणि आत्याचं नाव

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे काय की' काढून टाकलेत, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

ट्रेनमध्ये असाल, हेडफोन कानात असेल, तर आधी एक काम करा. फोनमध्ये एक्सेल असेल तर उघडा. नसेल तर घरी गेल्यावर लॅपटॉपवर करा. रिकाम्या शीटमध्ये कुठल्याही चौकोनात इंग्रजी आकड्यांत टाइप करा, सात, तिरकी रेघ, बारा. ७/१२. आणि एंटर दाबा.

काय दिसलं? बहुतेकांना सात डिसेंबर दिसेल. काहींना बारा जुलै. ज्याला आपण पिढ्यानपिढ्या सातबारा म्हणतो, ज्याच्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही, तो कागद एक्सेलला तारीख वाटतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले होते. मीम बनवून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं. गेल्या पावसाळ्यात मात्र याच गोष्टीमुळे माझी सख्खी आत्या माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. आजचा एपिसोड त्याबद्दल आहे. आणि अर्थात माझ्या कामाबद्दल, कारण तुम्ही मेसेजमध्ये विचारता, 'ताई, तू नक्की करतेस काय?'

तर मी बीटेक करून ऐरोलीत नोकरी करते. माझं काम डेटा इंटिग्रेशन. सोप्या भाषेत, एका सिस्टिममधला डेटा काढायचा आणि दुसऱ्या सिस्टिमला समजेल अशा साच्यात बसवून द्यायचा. एका बाजूला कॉलमचं नाव 'कस्टमर नेम', दुसऱ्या बाजूला 'पार्टी', हे दोन्ही एकच आहे हे कुणीतरी सांगायला लागतं. त्याला मॅपिंग म्हणतात. पूर्वी यासाठी कोड लिहायचे. आता बरंचसं काम चित्रात होतं. स्क्रीनवर डावीकडे एक चौकोन, ही तुमची एक्सेल. उजवीकडे एक चौकोन, हा हवा असलेला साचा. मध्ये रेघा ओढायच्या. अल्टोव्हाचं मॅपफोर्स अगदी असंच दिसतं, दोन याद्या समोरासमोर आणि मध्ये धागे. नाईम आहे, पेंटाहो आहे. मी घरच्या कामाला अपाचे हॉप वापरते, कारण ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. त्यात चौकोनांना जोडणाऱ्या रेघेलाच 'हॉप' म्हणतात. पाण्याच्या पाइपलाइनसारखी कल्पना करा. एका टोकाने ओळी आत येतात, प्रत्येक चौकोनात त्यांच्यावर काहीतरी होतं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात.

आणि तुम्ही ऑफिसात एक्सेल वापरत असाल तर हे तुमच्याकडे आहेच. डेटा टॅबमधून फाइल आत घेताना जी पॉवर क्वेरीची खिडकी उघडते ना, ती याच जातीची. तिथे उजवीकडे पायऱ्यांची यादी दिसते. त्यात 'चेंज्ड टाइप' नावाची एक पायरी ती न विचारता स्वतःच घालते. ती लक्षात ठेवा.

आता गावाकडे येते. आमचं गाव उरण रस्त्याला. नाव सांगत नाही, सांगण्यात कुणाचा फायदा नाही. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाजण. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. इथल्या पोरांना हे शाळेच्या पुस्तकातून कळत नाही. जेवताना कळतं.

चाळीस वर्षांनंतरही काही दावे अडकलेले आहेत. मूळ खातेदार वारले, वारस दहा ठिकाणी पांगले, कागद एकमेकांशी जुळत नाहीत. गेल्या वर्षी एका ऑफिसने आमच्या गावच्या कमिटीला सांगितलं की अडकलेल्या सगळ्या दाव्यांची एकत्र यादी द्या, आम्ही दिलेल्या नमुन्यात. एका वारसाची एक ओळ. क्षेत्र चौरस मीटरमध्ये. सोमवारपर्यंत.

माझे मोठे काका कमिटीवर आहेत. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन. "तू कॉम्प्युटरवाली ना? आपल्या एक्सेल हायेत, त्या फक्त सरकारी फॉरमॅटमध्ये बसवायच्यात. तासाभराचं काम."

मंडळी, 'फक्त' आणि 'तासाभराचं काम' हे शब्द एका वाक्यात आले की कामाला किती दिवस लागणार हे मला लगेच कळतं.

फाइल दोन. पहिलीत जमिनी, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, क्षेत्र, मूळ खातेदार. दुसरीत वारस, नाव, मूळ खातेदाराशी नातं, पत्ता, आणि ज्या जमिनीत हक्क आहे तिचा सर्व्हे नंबर. दोन्ही फाइलींना जोडणारा दुवा एकच, तो सर्व्हे नंबर. वारसांच्या ४३१ ओळी. गावातल्या दोन पोरांनी आठवडाभर रात्री बसून त्या भरल्या होत्या. पैसे न घेता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे चूक कुणाची असा प्रश्न येणार आहे.

शुक्रवारी रात्री फाइल उघडली तर सर्व्हे नंबरच्या कॉलममध्ये अर्ध्या ठिकाणी तारखा. ११२/३ तसाच होता, कारण एकशे बारावी तारीख नसते. पण ४/९ चा झाला होता चार सप्टेंबर. २३/१/२ चा झाला होता २३ जानेवारी २००२, जणू कुणाची जन्मतारीख. क्षेत्राचंही तेच. आपल्याकडे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. १-१२-२० म्हणजे एक हेक्टर, बारा आर, वीस चौरस मीटर. म्हणजे ११,२२० चौरस मीटर. एक्सेलने केलं, एक डिसेंबर २०२०. आणि आत त्या चौकोनात क्षेत्रही नाही आणि तारीखही नाही. आत फक्त ४४१६६ हा आकडा. एक्सेल तारीख अशीच ठेवतं, १९०० सालापासूनचे दिवस मोजून.

हे फक्त आपल्याच वाट्याला येतं असं नाही बरं का. माणसाच्या काही जीन्सची नावं सेप्ट-१, मार्च-१ अशी होती. संशोधकांच्या एक्सेलमध्ये ती वर्षानुवर्षं एक सप्टेंबर, एक मार्च होत राहिली. शेवटी २०२० मध्ये जीन्सना नावं देणाऱ्या समितीने जीन्सचीच नावं बदलली. एक्सेल बदलेना म्हणून! २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने असे आपोआप बदल बंद करायची सोय दिली, पण तारखेचं तिथलं बटण अक्षर आणि आकडा जोडून लिहिलेल्या नावांसाठी आहे. तिरक्या रेघेचा आपला सातबारा त्यात सुटत नाही.

असो. मला वाटलं, हे तर माझं रोजचं काम. तारीख परत मजकुरात बदलायची, साचा द्यायचा दिवस/महिना. चार सप्टेंबरचा परत ४/९. हॉपमध्ये 'सिलेक्ट व्हॅल्यूज' नावाच्या चौकोनात हे एका ओळीत होतं. (महिन्यासाठी मोठा एम लिहायचा. छोटा लिहिला तर मिनिटं येतात आणि सगळे हिस्से शून्य होतात. दहा मिनिटं मीही त्यात घालवली.) २००२ सालवाल्या तिहेरी हिस्स्यांना साल वेगळं दिसतं म्हणून तेही पकडले. क्षेत्राचे तीन तुकडे करून पहिल्याला दहा हजाराने, दुसऱ्याला शंभराने गुणलं आणि बेरीज केली. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अशी शेपटं नावांना चिकटलेली होती, ती वेगळ्या कॉलममध्ये काढली. एकाच चौकोनात स्वल्पविराम देऊन कोंबलेल्या पाच पाच खातेदारांच्या पाच ओळी केल्या.

शेवटी जोडणी. दोन्ही फाइली सर्व्हे नंबरवर क्रमाने लावायच्या आणि 'मर्ज जॉइन' नावाच्या चौकोनात सोडायच्या. हा चौकोन विचारतो, कसं जोडू? मी निवडलं इनर. इनर म्हणजे, दोन्हीकडे सापडलं तरच पुढे जा. रोजच्या सवयीने निवडलं. विचार केला नाही. ते महत्त्वाचं.

शनिवारी संध्याकाळी चालवलं. हिरव्या खुणा आल्या. एकही लाल नाही. सरकारी नमुन्यात यादी तयार. मी पीडीएफ काकांना पाठवली, त्यांनी ती गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, लोकांनी हात जोडलेल्या खुणा टाकल्या. एकाने लिहिलं, आपल्या गावची लेक. मी चहा केला.

रात्री दहाला आत्याचा फोन आला.

"बाय, माजा नाव कंच्या पानावर हाय?"

आत्या आगरीत बोलते, पुढचं मी माझ्या मराठीत सांगते. मी म्हटलं, आत्या, असणार गं, थांब शोधते. शोधलं. आजोबांची जमीन सापडली. हिस्सा ४/९, शून्य हेक्टर बारा आर तीस, म्हणजे १,२३० चौरस मीटर. त्याखाली मोठे काका. त्याखाली माझे बाबा. पुढची ओळ दुसऱ्याच घरची.

आत्या नव्हती.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. आत्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. दोन वर्षांपूर्वी काकांनी तिच्यापुढे हक्कसोड पत्र ठेवलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बहिणीने वडिलांच्या जमिनीतला हक्क भावांच्या नावे सोडते असं लिहून द्यायचं, त्याला हक्कसोड म्हणतात. आपल्याकडे किती बहिणी साडी-चोळीवर सही करतात ते तुम्हाला माहीत आहे. कायद्याने मुलीला हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती केली, केंद्राने २००५ मध्ये, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात तो आणखी पक्का केला. आत्याने हे काही वाचलेलं नाही. तिने फक्त सही केली नाही. तेव्हापासून दिवाळीला तिचं येणं कमी झालं.

आणि आता भावाच्या कमिटीने काढलेल्या, भाचीने बनवलेल्या यादीत तिचं नाव नाही.

मी सांगत होते, आत्या, सॉफ्टवेअरची चूक असेल. ती शांतपणे म्हणाली, सॉफ्टवेअरला बरं कळलं कोणाचं नाव काढायचं ते. मग म्हणाली, तू पण पोरगीच आहेस, आणि तुझ्याच हातून. फोन ठेवला.

मी लॅपटॉप उघडला. हॉपमध्ये खाली एक तक्ता असतो, कुठल्या चौकोनात किती ओळी आत गेल्या आणि किती बाहेर आल्या याचा. शनिवारी संध्याकाळीही तो तिथेच होता. मी पाहिला नव्हता. वारसांच्या ओळी आत ४३१. बाहेर ४१२.

एकोणीस ओळी गेल्या, आणि एकही लाल खूण नाही. कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं. मी सांगितलं होतं, जुळलं तरच पुढे ने. त्याने ऐकलं.

या गळतीचं एक मोठं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असावं. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून गळले, कारण फाइल जुन्या एक्सेल प्रकारातली होती आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी गुपचूप राहून गेल्या. त्या लोकांना स्वतःचा रिपोर्ट कळला होता, पण ते कुणाच्या संपर्कात आले ते शोधायला दिवस गेले.

मी जोडणीचा प्रकार बदलला. इनरच्या जागी लेफ्ट आउटर. म्हणजे वारसाची ओळ काहीही झालं तरी पुढे येणार, जमीन सापडली नाही तर ती जागा रिकामी राहील. त्यापुढे एक गाळणी लावली, रिकामी जागा असेल तर ओळ वेगळ्या शीटमध्ये. शीटला नाव दिलं 'न जुळलेले'. चालवलं, शीट उघडली, एकोणीस नावं वाचली.

एकोणीसपैकी सोळा बायका. सगळ्या लग्न होऊन गेलेल्या लेकी.

खरं सांगते, त्या क्षणी मलाही काकांवर संशय आला. त्यांनीच तर हे केलं नसेल? रात्री साडेअकराला मी पोरांना फोन केला. दोघांपैकी ज्याने यादीचा शेवटचा भाग भरला होता तो झोपेतून उठून बोलला. गोष्ट अशी होती. गावात राहणाऱ्यांचे कागद आधी आले, ते पहिल्या पोराने भरले. बाहेरगावी दिलेल्या मुलींचे कागद उशिरा आले, कारण कुणी उरणहून आणायचं, कुणी अलिबागहून. ते सगळे दुसऱ्या पोराकडे आले. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना रीजन युनायटेड स्टेट्स तसंच राहिलं होतं.

कळलं ना? अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. त्याने बरोबरच टाइप केलं होतं, ४/९. एक्सेलने ते वाचलं चौथा महिना, नववा दिवस, नऊ एप्रिल. पहिल्या पोराच्या लॅपटॉपवर तेच ४/९ झालं चार सप्टेंबर. मग मी हुशारीने सगळ्यांना एकच साचा लावला, दिवस/महिना. पहिल्याचं परत ४/९ झालं. दुसऱ्याचं झालं ९/४. आत्याची ओळ ९/४ नावाची जमीन शोधत गेली, ती आमच्या यादीत नव्हतीच, आणि इनर जॉइनने तिला बाहेर ठेवलं.

कुणीही काहीही ठरवून केलं नव्हतं. तरी निकाल तोच, जो ठरवून केला असता तर आला असता. मी त्या शीटकडे बराच वेळ बघत बसले.

आणि याहून वाईट पुढे होतं. काही ठिकाणी उलटे झालेले दोन्ही नंबर गावात खरोखर होते. ३/५ पण आहे आणि ५/३ पण आहे. तिथे ओळ गळली नाही, ती दुसऱ्याच्या जमिनीला जाऊन चिकटली. अशा सात सापडल्या. एका बाईचं नाव चक्क तिच्या सासरच्या चुलत घराच्या भूखंडावर बसलं होतं. गळलेलं नाव आत्यासारखं कुणीतरी विचारतं. चुकीच्या जागी बसलेल्याला स्वतःचं नाव यादीत दिसतं, तो समाधानाने फोन बाजूला ठेवतो.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या पोराच्या फाइलमधले सगळे नंबर उलटे कर, संपलं. मलाही तेच वाटलं. पण त्याने काही ओळी पहिल्या पोराच्या फाइलमधून कॉपी-पेस्ट केल्या होत्या. त्या बरोबर होत्या. फाइलमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. नऊ एप्रिल हा खरा ४/९ आहे की खरा ९/४, हे त्या चौकोनात कुठेच लिहिलेलं नाही. ती माहिती एंटर दाबला त्याच क्षणी पुसली गेली. कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, कितीही रेघा ओढा, ती परत येणार नाही. ती फक्त कागदावर आहे.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही कागदाकडे गेलो. मी, दोन पोरं आणि काका, समाजमंदिराच्या ओट्यावर. ज्या नंबरांत दोन्ही आकडे बाराच्या आत आहेत, तेच उलटे होऊ शकतात. (५/५ असेल तर उलटला तरी तोच, त्याची चिंता नाही.) अशा ६१ ओळी निघाल्या. सर्व्हे नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट केला, मग एकेक जुना सातबारा बघून हाताने भरला. लोक प्लास्टिकच्या पिशव्यांतून कागद घेऊन येत होते. तलाठ्याच्या हातचे, शाई उडालेले, घडीवर फाटलेले. एक आजी म्हणाल्या, हे तर मागच्या आठवड्यात दिलं होतं, परत कशाला? मी सांगितलं, माझ्याकडून चुकलं. त्या म्हणाल्या, बरं, बस, चहा घे.

दुपारी आत्या आली. माझ्याकडे बघितलं नाही. काकांकडेही नाही. पिशवीतून सातबारा काढून त्या पोराच्या हातात दिला आणि म्हणाली, वाच. त्याने वाचलं, चार, तिरकी रेघ, नऊ. ती म्हणाली, लिही. तो लिहीपर्यंत उभी राहिली आणि गेली.

१,२३० चे साडेबारा टक्के म्हणजे १५३.७५ चौरस मीटर. कपाती बाजूला ठेवल्या तरी तिघांत वाटले तर प्रत्येकी ५१.२५. लोकलचा एक डबा याहून मोठा असतो. तेवढ्यासाठी, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

६१ पैकी ५७ चा निकाल लागला. चार ओळींचा कागदच कुणाकडे नव्हता. इथे माझं आणि काकांचं थोडं वाजलं. काका म्हणाले, त्या चार आपल्याला योग्य वाटतात तिथे टाक, यादी पूर्ण दिसू दे. मी म्हटलं, नाही काका, त्या वेगळ्या द्यायच्या, 'सर्व्हे नंबर पडताळणी बाकी' असं लिहून. ते म्हणाले, अशी अर्धवट यादी कुणी देतं का? मी म्हटलं, तुमच्या बहिणीला कालपासून काय वाटतंय ते तुम्हाला ठाऊक आहे. आणखी चार घरांत तेच व्हायला नको. ते गप्प बसले. नंतर स्वतःच म्हणाले, परिशिष्ट म्हणून जोड, म्हणजे बरं दिसेल. कमिटीत मुरलेला माणूस आहे, शब्द बरोबर सुचतो.

रविवारी रात्री परत चालवलं. आत ४३१. मुख्य यादीत ४२७, परिशिष्टात ४. बेरीज कागदावर केली, दोनदा. यादीच्या पहिल्या पानावर मी ते तीन आकडे छापले. नमुन्यात त्यासाठी जागा नव्हती, वर समासात टाकले.

आता कामाचं थोडं, कारण तुमच्यापैकी बरेच जण अशा याद्या भरत असणार. गावच्या, सोसायटीच्या, कॉलेजच्या. टाइप करायच्या आधी तो कॉलम निवडून त्याचा प्रकार टेक्स्ट करा. नंतर केला तर उपयोग नाही, तारीख झालेली असते. एखादीच नोंद असेल तर आधी एकेरी अवतरण चिन्ह टाका आणि मग सातबारा. खाते नंबर, पिनकोड, शून्याने सुरू होणारं काहीही, हाच नियम. ज्याचा हिशोब करायचा नाही तो आकडा आकडा नसतो, ते नाव असतं. दोन जण भरणार असाल तर दोघांच्या लॅपटॉपचं रीजन आधी बघा. पॉवर क्वेरी वापरत असाल तर ती न विचारता घातलेली 'चेंज्ड टाइप' पायरी पुसून टाका आणि प्रकार स्वतः ठरवा. आणि हॉप, नाईम, काहीही असो, जिथे जोडणी आहे तिथे न जुळलेल्या ओळींसाठी वेगळी रेघ काढा. ते एक जास्तीचं चौकट चित्रात कुरूप दिसतं. असू दे.

माझी फाइल मागू नका, त्यात लोकांची नावं आहेत. पण नावं काढून, खोटे नंबर घालून पाइपलाइनचा रिकामा साचा देणार आहे. मेसेज करा, पाठवते.

यादी सोमवारी दिली. ऑफिसातल्या माणसाने परिशिष्ट उलटून पाहिलं, काही विचारलं नाही, पोच शिक्का मारला. निकाल अजून आलेला नाही. आमच्याकडे चाळीस वर्षं थांबायची सवय आहे, त्यामुळे त्याचं विशेष नाही.

आत्याला मी तिच्या पानाची प्रिंट नेऊन दिली. पुढच्या शनिवारी, उरण लोकलने, कारण फोन ती उचलत नव्हती. दारातच विचारलं, कुठे आहे? मी बोट ठेवलं. तिने चष्मा लावला, नाव वाचलं, शेजारचा हिस्सा नंबर वाचला. चार, तिरकी रेघ, नऊ. मग टीव्हीवरचा पेन घेतला आणि त्या ओळीखाली रेघ मारली, जरा वाकडी. पान घडी करून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलं. म्हणाली, बस, जेवून जा. बोंबील केलेत.